मौन प्रार्थना रोजच्या दिवसात कशी बसवायची: नाशिकमधल्या नवशिक्यांसाठी पहिले सहा आठवडे

मोठ्याने प्रार्थना करायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. जेवणाआधीची प्रार्थना, संध्याकाळची घरची उपासना, रोझरी, रविवारी मंडळीत सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना. शब्द पाठ असतात, चाल ठरलेली असते. अडचण सुरू होते ती शब्द संपल्यावर. डोळे मिटून दहा मिनिटं देवापुढे नुसतं गप्प बसायचं म्हटलं, की दुसऱ्याच मिनिटाला गॅस संपत आलाय, हप्ता भरायचा राहिलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी उत्तर द्यायचंय, असं एकेक दारात येऊन उभं राहतं. चार दिवसांत माणूस ठरवून टाकतो की हे मठातल्या लोकांचं काम, आपलं नव्हे.

बहुतेक जण इथेच सोडतात, आणि त्यामागे एक चुकीची अपेक्षा असते. या प्रार्थनेत मन रिकामं करायचं नसतं. मन भटकतं, ते तुमच्या ध्यानात येतं आणि तुम्ही पुन्हा देवाकडे तोंड वळवता. हे वळणं हीच प्रार्थना. एका बैठकीत पन्नास वेळा परत यावं लागलं तरी ती बैठक वाया गेलेली नसते.

नाशिकमध्ये यासाठी फार लांबचा शब्द शोधावा लागत नाही. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शहराबाहेर जी वस्ती उभी केली, तिचं नाव शरणपूर. आज तो शहराच्या मधोमध आलेला रस्ता आहे आणि बसच्या पाटीवर आपण ते नाव रोज वाचतो. मौन प्रार्थनेत करायचं ते एवढंच: शरण जाऊन बसायचं.

एका प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण तो घरोघरी विचारला जातो: "हे आपल्यातलं आहे का, की दुसरीकडून आणलेलं ध्यान?" चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती तपस्वी असेच बसत. त्यांच्याकडे शिकलेल्या जॉन कॅसियनने, सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, म्हणजे देवाने आपल्या साहाय्याला धावून यावं ही विनवणी, दिवसभर मनात घोळवत राहायला सांगितलं. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आविलाची संत तेरेसा आणि क्रूसाचा संत योहान यांनी या वाटेचे टप्पे सविस्तर लिहिले. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या मठात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या ट्रॅपिस्ट संन्याशांनी संसारी माणसांना जमेल अशी सोपी पद्धत बसवली. ती सेंटरिंग प्रेयर या नावाने ओळखली जाते. या लेखातली मुख्य बैठक तीच आहे. समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षं नामजप केला हे नाशिकमध्ये शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे आसन, वेळ आणि एका शब्दाचा आधार या गोष्टी शेजाऱ्यांना परक्या वाटत नाहीत, आणि त्यात बिचकण्यासारखंही काही नाही. आपण कुणापुढे बसलो आहोत हे आपल्या मनाशी स्पष्ट असलं म्हणजे झालं.

१. आधी एवढं जमवा

- पाठ सरळ राहील अशी साधी खुर्ची. प्लास्टिकची चालेल, हातांची नसली तर उत्तम. खाली बसायचं असेल तर सतरंजी आणि घट्ट घडी घातलेली चादर किंवा घोंगडी.
- गजर लावता येईल असं घड्याळ किंवा मोबाइल.
- मोठ्या टायपातलं पवित्र शास्त्र. मोबाइलवरचं नको, त्याचं कारण पुढे येईल.
- शंभर पानी वही आणि पेन.
- सहा आठवड्यांनी ज्यांच्याशी बोलता येईल अशी एक व्यक्ती: फादर, सिस्टर, पाळकसाहेब किंवा या वाटेवरचं एखादं जुनं माणूस.

मेणबत्ती, क्रूस, चित्र हवं असेल तर ठेवा. मेणबत्ती पंख्याखाली ठेवू नका. ज्योत फडफडत राहिली की सगळं लक्ष तिथेच.

जागेबद्दल जरा नीट सांगायला हवं. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार? ती लागतही नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक खुर्ची पुरते. पण ती रोज त्याच कोपऱ्यात हवी. दोन-तीन आठवड्यांत शरीराला तो कोपरा ओळखीचा होतो आणि बसल्या बसल्या निम्मी धावपळ थांबते. पलंगावर बसू नका, तिथे शरीराला झोपच आठवते.

खुर्चीवर बसताना दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट घ्या. मांडी घालून बसणार असाल तर घडी केलेली चादर फक्त बुडाखाली, चार ते सहा इंच उंच. गुडघे जमिनीकडे उतरले पाहिजेत; ते वर राहिले तर कंबर मागे कलते आणि दहाव्या मिनिटाला पाठ बोलायला लागते. गुडघेदुखी असेल तर खाली बसण्याचा हट्ट नको. खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना कमी प्रतीची होत नाही.

२. वेळ घड्याळाला नाही, एखाद्या कामाला बांधा

"रोज सकाळी साडेपाचला" असं ठरवलेलं आठवडाभर टिकतं. "नळाचं पाणी भरून झालं की" हे वर्षभर टिकतं. तुमच्या भागात पाणी कधी येतं, मुलांची स्कूल व्हॅन कधी येते, सातपूर-अंबडची पहिली पाळी असेल तर डबा कधी भरायचा, हे बघा आणि रोज हमखास होणारं एक काम निवडा. ते झालं की लगेच खुर्ची.

जेवल्यावर लगेच बसू नका. भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. चहा आधी घेतला तर चालतो. रात्रपाळीवाल्यांनी घरी आल्या आल्या बसू नये, ती बैठक झोपेतच जाते. झोपून उठल्यावर, मग ते दुपारचे तीन का असेनात, तीच तुमची सकाळ.

शिकवणारे सर्वसाधारणपणे दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं सांगतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटं बसायला जाऊ नका. असं वाढवा:

- पहिला आठवडा: ७ मिनिटं, एकदाच
- दुसरा: १० मिनिटं
- तिसरा आणि चौथा: १५ मिनिटं
- पाचवा: २० मिनिटं
- सहावा: सकाळी २०, संध्याकाळी १०

उत्साहाच्या दिवशी जास्त बसायचं नाही आणि कंटाळ्याच्या दिवशी कमी करायचं नाही. हा नियम छोटा दिसतो, पण सगळी इमारत यावर उभी आहे. छान वाटतंय म्हणून चाळीस मिनिटं बसणारा माणूस छान न वाटलेल्या दिवशी पाच मिनिटांत उठतो, आणि मग प्रार्थना मनःस्थितीच्या हवाली होते.

सुरुवातीला मुहूर्त शोधत असाल तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ सोयीचा. तो साडेसहा आठवड्यांचा असतो आणि मंडळीचंही वातावरण असतं. पण त्यासाठी आठ महिने थांबू नका.

३. आधाराचा शब्द निवडा

बैठकीत मन भटकलं की परत यायला एक छोटा शब्द लागतो. अब्बा, येशू, प्रभू, आमेन, शांती, "ये". एक किंवा दोन अक्षरांचा, फार तर तीन. तो मंत्र म्हणून सिद्ध करायचा नाही, त्याच्या अर्थावर विचारही करायचा नाही. "देवा, मी इथे आहे आणि तू जे करशील त्याला माझा होकार आहे," एवढं तो तुमच्या वतीने सांगतो.

निवडण्यापूर्वी दोन मिनिटं पवित्र आत्म्याकडे तो मागा. मग जो मनात येईल तो घ्या. मात्र दोन प्रकारचे शब्द टाळा. एक, ज्याला जुनी जखम चिकटली आहे: वडिलांशी नातं दुखरं असेल तर "बाप" किंवा "अब्बा" सध्या बाजूला ठेवा. दोन, ज्यातून विचारांची साखळी सुरू होते. "क्षमा" हा शब्द घेणारे पुष्कळ जण तिसऱ्या मिनिटाला भावकीतल्या भांडणात पोचलेले असतात.

शब्द ठरला की सहा आठवडे तोच. बैठकीच्या मध्ये तर मुळीच बदलायचा नाही. "हा लागू पडत नाही, दुसरा घेऊ" हासुद्धा एक विचारच.

इथे नवशिक्यांचा एक मोठा गोंधळ होतो. शब्दाचा आधार घेणाऱ्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. सेंटरिंग प्रेयरमध्ये शब्द सतत म्हणायचा नाही. विचारात गुंतल्याचं कळलं की तेवढ्यापुरता हलकेच आठवायचा आणि सोडायचा. दुसरी पद्धत बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (१९२६–१९८२) यांची. त्यात मा-रा-ना-था (म्हणजे "प्रभू, ये") अशी चार सारख्या लांबीची अक्षरं बैठकीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड मनात म्हणायची असतात. दोन्ही चांगल्या. पण आज ही, उद्या ती, किंवा एकाच बैठकीत दोन्ही असं केलं की "आता शब्द म्हणू की सोडू" यातच वेळ जातो. एक धरा. ज्यांना जपमाळेची जुनी सवय आहे त्यांना बऱ्याचदा दुसरी लवकर जमते. बाकीच्यांनी पहिलीपासून सुरुवात करावी.

४. बैठक

मोबाइल विमान मोडवर टाका, मग गजर लावा. हा क्रम उलटा झाला की गजर लावता लावता तीन मेसेज वाचले जातात. गजराचा आवाज मऊ निवडा. कर्कश गजराने छातीत धस्स होतं आणि दुसऱ्या दिवसापासून मन शेवटची पाच मिनिटं त्याचीच वाट बघत बसतं.

बसा. क्रूसाची खूण करत असाल तर करा, नसाल तर मनात "प्रभू, तुझ्यापुढे आहे" एवढं म्हणा. डोळे मिटा. खांदे एकदा वर उचलून सोडा. जबडा ढिला. दोन-तीन श्वास जसे येतील तसे येऊ द्या, लांबवू नका. मग झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तितक्या हलक्या हाताने शब्द मनात आणा. आणि राहा.

आता काय होतं ते जवळून बघू. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. ऐकू आली, ठीक. मग मन म्हणतं, ही दुसरी की तिसरी? डाळ जास्त शिजणार. तूरडाळ महाग झाली. या महिन्याचं किराण्याचं बिल अजून द्यायचंय. मेहुण्याने घेतलेले पैसे परत केले असते तर. त्याला परवा लग्नात विचारायला हवं होतं, पण बायकोने खूण केली म्हणून गप्प बसलो. आणि अचानक लक्षात येतं की आपण प्रार्थनेला बसलोय.

हा लक्षात येण्याचा क्षण फार मोलाचा. तो तुम्ही आणलेला नसतो, तो मिळतो. त्या क्षणी बहुतेक जण चुकतात ते असं: "बघ, पुन्हा गेलास. तुला जमणारच नाही." आता मेहुण्याचा विचार गेला आणि स्वतःला रागावण्याचा आला, आपण अजून बाहेरच. त्याऐवजी कसलीही टीका न करता, विचाराला न ढकलता, शब्द आठवायचा. झालं. शिट्टी ऐकू येणं हा अडथळा नाही. शिट्ट्या मोजायला लागलो की गेलो.

विचारांत चांगले विचारही येतात हे विसरू नका. रविवारच्या संदेशासाठी सुंदर मुद्दा, आजारी मावशीसाठी प्रार्थना, एखादं गाणं. तेही या वेळेपुरते सोडायचे. मावशीसाठी नंतर प्रार्थना करा, अगदी नाव घेऊन करा. तिला वेगळी पाच मिनिटं द्या. मुद्दा खरोखर मोलाचा असेल तर परत आठवेल. मध्येच उठून वहीत लिहायचं नाही.

गजर झाला की लगेच उठू नका. दोन मिनिटं डोळे मिटलेलेच ठेवा, मग प्रभूची प्रार्थना अगदी सावकाश म्हणा, एकेका ओळीला श्वास देऊन. ही दोन मिनिटं गाळली की माणूस चिडचिडा होऊन बाहेर येतो. घरचे म्हणतात, हा प्रार्थना करून आला की ओरडतो. कारण एवढंच की खोल शांततेतून त्याने थेट गडबडीत उडी मारलेली असते.

बैठक संपल्यावर वहीत फक्त तारीख आणि किती मिनिटं. "आज छान झाली", "आज वाईट" असं लिहू नका. कुठली बैठक चांगली झाली हे बसणाऱ्याला ठरवता येत नाही.

५. आठवड्यातून एकदा वचन चावून खाणं

नुसत्या मौनाला अन्न लागतं, आणि ते वचनातून येतं. दुसऱ्या आठवड्यापासून रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी अर्धा तास काढा. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, निवांत राहणं. जुने संन्यासी याला गुरं रवंथ करतात त्याची उपमा देत. आपल्याकडे ती समजावून सांगावी लागत नाही.

उतारा तीन ते सात ओव्यांचा, त्याहून मोठा नको. सुरुवातीला स्तोत्र २३, स्तोत्र १३१, मत्तय ११:२८-३०, मार्क १०:४६-५२ असे घ्या. शुभवर्तमानातला लांबलचक दाखला किंवा पौलाच्या पत्रातला युक्तिवाद नवशिक्याला मौनाकडे नेत नाही, विचारांकडे नेतो.

मत्तय ११:२८ घेऊ: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो..." पहिल्यांदा मोठ्याने वाचा, ओठ हलले पाहिजेत. मग थांबा. दुसऱ्यांदा वाचताना कुठला शब्द बोट धरतो ते बघा. समजा, "भाराक्रांत" या शब्दाने धरलं. रोजच्या बोलण्यात हा शब्द नाही, म्हणूनच तो अडवतो. भाराने आक्रांत. पंचवटीच्या बाजार समितीत पाठीवर पोतं घेतलेला हमाल आठवा: त्याला मान वर करून बघता येत नाही, दिसते ती फक्त पायाखालची जमीन. माझ्या पाठीवर असं काय आहे, ज्यामुळे मला वर बघता येत नाही? इथे दहा मिनिटं थांबा. हे मनन.

उत्तर सापडलं की ते देवाला सांगा, साध्या घरच्या मराठीत. "प्रभू, बाबांच्या औषधपाण्याचं ओझं आहे. मी कुणाला बोललो नाही." ही प्रार्थना. आणि बोलून झालं की शब्द थांबवा, उताराही मिटवा, आणि त्याच्याजवळ पाच-सात मिनिटं नुसते बसा.

पायऱ्या काटेकोर पाळायची गरज नाही. वाचता वाचताच शांत व्हायला झालं तर पुढे वाचू नका. आणि काहीच शब्द धरत नसेल तर तोच उतारा पुढच्या रविवारी पुन्हा घ्या.

मोबाइलवरचं शास्त्र नको असं वर म्हटलं त्याचं कारण इथे: बोट आपोआप पुढे सरकवतं. कागदावर नजर एका शब्दावर थांबू शकते. शिवाय भाष्य, टीपा, मूळ ग्रीक अर्थ यासाठी दुसरी वेळ काढा. अभ्यास आणि रवंथ एका ताटात वाढू नका.

६. दिवसभराचा धागा

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत. भांड्याकुंड्यांच्या गडबडीतही देवाच्या सान्निध्यात राहता येतं, हे त्यांनी जगून दाखवलं. पण "दिवसभर देवाचं स्मरण ठेवा" असा नुसता संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. चौथ्या आठवड्यापासून एकच खूण निवडा आणि दोन आठवडे तीच पाळा. हात धुणं. गाडी बंद करून किल्ली काढणं. सिटीलिंकच्या बसमध्ये तिकीट हातात येणं. दुकानाचं शटर उघडणं. त्या क्षणी एका श्वासापुरतं देवाकडे वळायचं. सलग मिनिटभरही नको.

हाताला काम आणि डोक्याला मोकळीक अशी कामं असतील तर आणखी एक करता येतं. द्राक्षबागेत विरळणी करताना, भाजी निवडताना, पॅकिंगच्या टेबलावर येशूच्या नावाची जुनी प्रार्थना म्हणा: श्वास आत येताना "प्रभू येशू ख्रिस्ता", बाहेर जाताना "मजवर दया कर". पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ती शतकानुशतकं चालत आली आहे. श्वास शब्दांसाठी ओढायचा नाही. श्वास चालेल तसा चालू द्या, शब्द त्यावर ठेवा. ओढून ताणून केलं तर गरगरतं.

दुचाकी चालवताना यातलं काहीही करू नका. द्वारका चौकात लक्ष रस्त्यावरच हवं. सिग्नलला गाडी उभी असताना एक श्वास, बस्स.

७. रात्रीची दहा मिनिटं

तिसऱ्या आठवड्यापासून झोपण्यापूर्वी दिवसाची उजळणी सुरू करा. इग्नाती लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिलेल्या रीतीत पाच गोष्टी आहेत: उपकार मानणं, प्रकाश मागणं, तासातासाने दिवस बघणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्यासाठी साहाय्य मागणं.

हे न्यायालय होऊ देऊ नका. आपल्याकडच्या श्रद्धाळू माणसाची सवय अशी की उजळणी म्हटलं की पापांची यादीच काढायची. म्हणून सुरुवात आभारापासूनच, आणि तेही नेमके: "आजच्या दिवसाबद्दल आभार" नाही, "दुपारी सावलीत गाडी लावायला जागा मिळाली त्याबद्दल", "मुलीने न विचारता पाणी आणून दिलं त्याबद्दल". तीन पुरेत. मग दिवस बघताना विचारा: कुठे मी मऊ झालो, कुठे कडक? एकाच प्रसंगावर थांबा. अंथरुणात पडून केलं तर दुसऱ्या मुद्द्यालाच झोप लागते, तेव्हा बसून करा.

८. काय बिघडतं आणि का

*झोप.* रोज येत असेल तर ती प्रार्थनेची अडचण नसते, तुमची झोपच कमी पडत असते. रात्री अर्धा तास लवकर झोपा. अधूनमधून येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून समोर तीन-चार फुटांवर जमिनीकडे बघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत अंगभर ब्लँकेट घेऊन बसाल तर पेंग येणारच. खांद्यावर शाल आणि पायात मोजे पुरेत.

*पायाला मुंग्या.* हलवा. सहन करण्यात पुण्य नाही. सावकाश हलवून परत शब्दाकडे या.

*आवाज.* गणेशोत्सवातले ढोल, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, घाटाकडून येणाऱ्या घंटा. आवाज थांबण्याची वाट बघू नका आणि कानात बोळे घालून शांततेचा पाठलागही करू नका. आवाज येऊ दे, तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका.

*घरच्यांची नाराजी.* "कामाच्या वेळी बरं सुचतं देवाचं!" हे ऐकावं लागेल, विशेषतः सुनांना. आधीच सांगून ठेवा की इतकी मिनिटं, या वेळेला, मग मी आहे. आणि खरंच तितकीच मिनिटं घ्या. कुणी आजारी असेल, तान्हं रडत असेल तर उठा. उठणं हाही होकारच.

*अनुभवाची हाव.* प्रकाश दिसला, अंग हलकं झालं, सुगंध आला. येईल, जाईल. कुणाला सांगत बसू नका, दुसऱ्या दिवशी शोधू नका. मौनातून झटपट दर्शन किंवा चमत्कार मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथून निघा.

*कोरडेपणा.* यावर जरा थांबू, कारण घाबरवतो तो हाच. आधी वचन वाचलं की मन भरून यायचं, आता काहीच वाटत नाही. संत तेरेसाने स्वतः लिहून ठेवलं आहे की काही वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचं लक्ष असे. क्रूसाच्या संत योहानाने हा कोरडेपणा ओळखायच्या तीन खुणा दिल्या आहेत: मननात पूर्वीची गोडी राहत नाही, पण मन दुसऱ्या कुठल्या गोष्टीतही रमत नाही, आणि तरीही देवाजवळ नुसतं प्रेमाने बसून राहावंसं वाटतं. तिन्ही असतील तर काळजी नको, शब्द कमी करा आणि बसत राहा. पहिलीच असेल आणि मन मोबाइलमध्ये मस्त रमत असेल, तर तो साधा आळस, वेळ पाळा. आणि कशातच रमत नाही, झोप-जेवण उडालंय, रडू येतंय, जगणं नकोसं वाटतंय असं असेल तर तो प्रार्थनेचा टप्पा समजून कुढत बसू नका. डॉक्टरांना भेटा. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका.

*जुनं दुःख वर येणं.* मन शांत झालं की तळाला गेलेलं वर येतं. कधी कारण नसताना डोळे भरतात. वाहू द्या. पण तेच दृश्य वारंवार येऊन घाबरवत असेल तर बैठक पाच मिनिटांवर आणा, डोळे उघडे ठेवा किंवा बसण्याऐवजी सावकाश चालत प्रार्थना करा, आणि एकट्याने सोसू नका.

९. सोबत शोधा

आठवड्यातून एकदा चार ते आठ जण एकत्र बसले तर घरची बैठक टिकते. तासाभराची रीत अशी: एक लहान वचन दोनदा वाचन, २० मिनिटं मौन, ५ मिनिटं रांगेने सावकाश चालणं, पुन्हा २० मिनिटं मौन, शेवटी ना. वा. टिळकांचं एखादं भजन किंवा प्रभूची प्रार्थना. चहा आणि गप्पा नंतर. बैठकीवर चर्चा करू नका; "तुला काय जाणवलं?" हा प्रश्न आला की पुढच्या वेळी प्रत्येक जण सांगण्यासारखं काहीतरी जाणवून घ्यायला लागतो. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकत्र बसले तरी काही अडत नाही, मौनाला पंथ लागत नाही.

महिन्यातून एकदा अर्धा दिवस बाहेर बसायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी चर्चमध्ये जा, फादरांना किंवा पाळकांना आधी विचारून. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवळात साध्या दिवशी सकाळी निवांत बसता येतं. फेब्रुवारीतल्या यात्रेच्या दिवसांत मात्र भाविकांची रीघ असते, तेव्हा मौनासाठी तिथे जाऊ नका, यात्रेसाठी जा.

१०. सहा आठवड्यांनंतर

वही घेऊन तुमच्या मार्गदर्शकाकडे जा. अर्धा तास मागून घ्या. किती दिवस बसलात, किती चुकले, हे तारखांवरून दाखवा. बेचाळीसपैकी तीस भरले असतील तर उत्तम चाललंय. बैठकीत काय दिसलं हे सांगण्यापेक्षा बैठकीबाहेर काय बदललं ते सांगा: राग आल्यावर तोंड उघडण्याआधी क्षणभर थांबता येतं का, एखाद्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकता येतं का, ज्याचं नाव काढलं तरी कपाळावर आठी पडायची त्याच्यासाठी प्रार्थना करता येते का. याची उत्तरं स्वतःच्या मनाने देऊ नका, घरच्यांना विचारून जा.

तीसपेक्षा कमी दिवस भरले असतील तर वेळ वाढवू नका, जोडलेलं काम बदला. पाणी भरण्याला बांधलेली बैठक मोडत असेल तर डबा भरण्याला बांधा, आणि पुन्हा ७ मिनिटांपासून सुरू करा.